ठराव क्रमांक तीन

शुक्रवारी दुपारी दोन वाजता माझ्या प्रबंधाची मौखिक परीक्षा होती. त्याआधीच्या मंगळवारी सकाळी, अमेरिकेतल्या वेस्ट विंडसर गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत, मराठी मंडळाच्या एका ई-मेलने त्या प्रबंधाचे चौथे प्रकरण पाडायला सुरुवात केली. त्या क्षणी मला तसे कळले नाही. आपल्याला विलक्षण आनंद झाला आहे, एवढेच कळले.

माझा विषय शूरा पक्ष. हा उत्तर आफ्रिकेतल्या एका देशातला इस्लामवादी पक्ष. देशाचे नाव लिहीत नाही, कारण मला मुलाखत दिलेले दोघे अजून तिथल्या तुरुंगात आहेत. पक्ष मात्र जन्मला अमेरिकेत. १९८४च्या फेब्रुवारीत, मध्य-पश्चिमेतल्या एका विद्यापीठाच्या गावी, एका घराच्या तळघरात, सरकारी शिष्यवृत्तीवर आलेल्या तेरा विद्यार्थ्यांनी त्याची स्थापना केली. राज्य ईश्वरी कायद्याने चालावे, यावर तेराही जणांचे एकमत होते. प्रश्न पुढचा होता. ईश्वरी कायदा आणण्यासाठी माणसांची मते मागावीत काय? शूरा म्हणजे सल्लामसलत. ती श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे आणि मतदान हे तिचेच आजचे रूप आहे, असे एक बाजू म्हणे. सार्वभौम ईश्वर आहे, त्याच्या कायद्यासाठी हात वर करायला सांगणे हाच उद्धटपणा, असे दुसरी बाजू म्हणे. त्या सभेचे इंग्रजीत टंकलेले दोन पानी इतिवृत्त उपलब्ध आहे. त्यात ठराव क्रमांक तीन असा : 'पक्ष निवडणुका लढवील. सर्वानुमते संमत.' त्यानंतर पक्षाने सहा निवडणुका लढवल्या, दोनदा सत्तेत भाग घेतला. आज तिथल्या संसदेत दर तिसरी जागा त्यांची आहे.

या दोन पानांवर प्राध्यापक लॅथम यांची कीर्ती उभी आहे. त्यांचे म्हणणे असे की, एवढ्या मूलभूत प्रश्नावर एकही हात विरोधात जात नाही याचा अर्थ कोणीही तो प्रश्न गांभीर्याने घेतलेला नव्हता. निवडणूक ही त्यांना शिडी होती, वर गेल्यावर ओढून घेण्याची. शिवाय इतिवृत्तातला पहिला विषय आहे, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.' स्थापनेच्या सभेत मागील सभा कुठली? म्हणजे आधी एक गुप्त बैठक झाली असली पाहिजे. या बैठकीवर लॅथम यांनी एक्केचाळीस पाने लिहिली आहेत. तिथे काय ठरले, कोण कठोर होते, कोण नरमले, सगळे आहे. नाही तो फक्त पुरावा. इतिवृत्ताखाली टंकलेली 'ई. व्ही. के.' ही अक्षरे त्यांच्या मते भूमिगत कार्यकर्त्याचे सांकेतिक नाव. या संशोधनाच्या बळावर ते गेली वीस वर्षे दूरचित्रवाणीवर भुवया उंचावत आहेत.

मी त्यांच्या विरोधात लिहिले होते. एकमत खरे होते, धर्मशास्त्रीय वाद आधीच मिटला होता, आणि श्रद्धेतूनच निवडणूक उगवली, असे माझे चौथे प्रकरण सांगत होते. पक्षाविषयी मला काडीचेही प्रेम नाही. त्यांचे राज्य आले तर माझ्यासारख्या बाईने काय वाचावे हे ठरवायला समिती बसेल आणि समितीत मी नसेन. पण ज्याची मते आपल्याला घातक वाटतात त्याच्याबद्दल तरी माणसाने खरे लिहावे. लॅथम परीक्षक मंडळावर होते. ओहायोतल्या एका कॉलेजने मला नोकरी देऊ केली होती, जूनअखेर पदवी हातात असेल तर. सहा वर्षे त्या शुक्रवारावर टेकली होती.

आणि मंडळाचा ई-मेल. तीस वर्षे मंडळाचे इतिवृत्त लिहिणारे सचिव, पार्सिपनीचे एकनाथ खांबेटे यांचा सत्कार. सोबत मंडळाच्या पहिल्यावहिल्या सभेच्या पानाचे छायाचित्र, सुबक अक्षर, आणि वर : 'विषय १. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.'

पहिल्यावहिल्या सभेच्या.

महाराष्ट्रात ज्याने एखाद्या पतपेढीची, वाचनालयाची किंवा गृहनिर्माण संस्थेची सभा पाहिली आहे, त्याला यात गूढ वाटणार नाही. तिथे डोके चालू व्हायच्या आधी हात हे वाक्य लिहून मोकळा होतो. मागे सभा झालेली असो वा नसो. मी खालची सही पाहिली. एकनाथ विश्वनाथ खांबेटे. ई. व्ही. के. मी खुर्चीतून उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. मग फोन लावला.

"काका, मी ज्ञानदा बोलतेय, मंडळाच्या दिवाळी अंकात असते ती. चौऱ्याऐंशी साली तुम्ही कुठे होतात?"

"का गं? टॅक्सवाल्यांनी नेमलंय का तुला?"

"एका तळघरात तेरा अरब मुलांच्या मीटिंगचे मिनिट्स तुम्ही टाइप केलेत का?"

उत्तराऐवजी पलीकडून एका बाईचा आवाज, लांबून : "कोण आहे हो? चेहरा का असा झाला?"

"ये तू," काका म्हणाले. "पण जेवूनबिवून येऊ नकोस, हिला राग येतो."

*

दोनशे सत्त्याऐंशी नंबरच्या हायवेवर मी कोणत्या वेगाने गाडी चालवली ते इथे नोंदवण्याचे कारण नाही. सुवर्णाकाकूंनी दार उघडले ते हातात कालथा घेऊनच.

"तू ती पीएचडीवाली ना? बस. थालीपीठ तव्यावर आहे. आणि यांना काय विचारायचं ते मोठ्यानं विचार, मलाही ऐकायचंय. एकेचाळीस वर्षं संसार केला, अरब मुलांचं मला आज कळतंय."

काका सडपातळ, इस्त्रीच्या शर्टातले. इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. पायावर पाय टाकून त्यांनी सांगितले ते सरळ होते. दोन अरब विद्यार्थी त्यांचे घरसोबती होते आणि त्या घरात इलेक्ट्रिक टाइपरायटर फक्त काकांकडे होता. सभेत दोन गट होते. एका गटाच्या माणसाने लिहिलेले दुसऱ्याला नको होते. तेव्हा लिहायला बसवला पुण्याचा हिंदू, ज्याला अरबी येत नव्हते.

"भांडण अरबीत. मग कोणीतरी मला इंग्लिशमध्ये सांगायचं, आता हात मोजा. मी हात मोजायचो."

"म्हणजे वाद झाला?" माझा आवाज चिरकला.

"वाद? एकानं चप्पल काढली होती."

मी वहीत काहीतरी लिहू लागले आणि लक्षात आले की पेनाचे टोपणच काढलेले नाही.

"पण तुम्ही 'सर्वानुमते' लिहिलंत."

काका किंचित दुखावले. "इतिवृत्तात सर्वानुमतेच लिहितात. मंडळाचं तीस वर्षांचं काढून बघ. गणपती कुठे बसवायचा यावरून दोन घरं बोलेनाशी झाली, तरी कागदावर सर्वानुमते. पुढच्या वर्षी त्याच माणसांना चहा प्यायचा असतो ना एकत्र?"

"मतं किती पडली होती, काका?"

"चाळीस वर्षांनी मला कसं आठवेल?"

"कच्ची वही असेल की," काकू आतून म्हणाल्या. "हा माणूस कच्ची वही टाकत नाही. सतरा खोकी आहेत बेसमेंटमध्ये. तिथे माझं शिलाई मशीन ठेवायला जागा नाही, पण यांच्या सभा आहेत."

आम्ही खाली गेलो. बारावे खोके निघाले १९८३-८४चे. निळ्या पुठ्ठ्याची वही, पेन्सिलीचे अक्षर, मराठीत. ठराव एक, पक्षाचे नाव : बाजूने बारा. ठराव दोन, वर्गणी : बाजूने अकरा, एक झोपलेला. ठराव तीन. मी तो दोनदा वाचला, मग काकांना मोठ्याने वाचायला लावला.

"'निवडणूक लढवणे. बाजूने ६. विरुद्ध ६. अध्यक्षांचे निर्णायक मत बाकी. अध्यक्षांना हॉस्पिटलमधून फोन. पत्नीचे दिवस भरले. अध्यक्ष निघाले. सभा संपली.'"

सहा-सहा. ठराव संमत झालाच नव्हता. फेटाळलाही नव्हता. तो बर्फात, प्रसूतिगृहाच्या रस्त्यावर, लटकत राहिला होता.

"मग काका, दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी प्रती पोस्टात टाकायच्या होत्या. अध्यक्षांना मुलगी झाली, त्यांना कसा फोन करणार? समसमान मतं असं इतिवृत्तात लिहायची आपल्याकडे पद्धत नाही. वाईट दिसतं. मी संमत लिहिलं. आणि संमत म्हटलं की सर्वानुमते आलंच."

"तुम्ही खोटं लिहिलंत."

"खोटं नाही," काका म्हणाले. "इतिवृत्त लिहिलं."

मी त्या सतरा खोक्यांच्या मध्ये जमिनीवर बसले आणि हसत सुटले. एक पक्ष, सहा निवडणुका, दोन मंत्रिमंडळे. आणि मुळाशी कोण, तर वाईट दिसू नये म्हणून जपणारा एक सचिव. लॅथम यांच्या एक्केचाळीस पानांचे काय झाले, हे मला दिसत होते. माझ्या चौथ्या प्रकरणाचे काय झाले, हेही हळूहळू दिसू लागले. आम्ही दोघांनी एकाच शब्दावर घरे बांधली होती. फरक एवढाच की त्यांच्या घराला माझ्यापेक्षा मोठा व्हरांडा होता. कागद कोणी लिहिला, हे सहा वर्षांत मीही विचारले नव्हते.

"पण पुढच्या सभेत कोणी हरकत कशी घेतली नाही?" मी विचारले. "तिथे तर हे वाचलं गेलं असेल."

काकांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "अगं, कायम करतात. वाचतं कोण?"

*

तरी खात्री हवी होती. तेरांपैकी एकाशी काकांचा संबंध अजून होता. ईदला आणि दिवाळीला फोन, बाकी काही नाही. नूरुद्दीन नावाचे ते गृहस्थ पुढे चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर झाले आणि आता ॲरिझोनात, फीनिक्सजवळच्या चँडलरला राहत होते. काकांनी तिथेच, खोक्यावर फोन टेकवून, व्हिडिओ लावला. पडद्यावर पांढऱ्या दाढीचा, बनियनमधला माणूस आला. मागे लिंबाचे झाड. बोलणे इंग्रजीत झाले.

"एकनाथ! कोण मेलं?"

"कोणी नाही. नूर, ठराव तीन आठवतो? तुझं मत कुठे होतं?"

"विरुद्ध. चप्पल मीच काढली होती."

मी पुढे सरकले. "मग इतिवृत्त आल्यावर तुम्ही गप्प का बसलात?"

"आम्हाला वाटलं, अध्यक्षांनी हॉस्पिटलमधून फोनवर मत दिलं. आणि 'सर्वानुमते' वाचून वाटलं, जिंकलेली माणसं आपली इज्जत राखताहेत. पलीकडच्या सहा जणांना वाटलं, आम्हीच रात्रीतून माघार घेतली. ते आम्हाला मिठी मारायला आले. आता मिठी मारणाऱ्याला काय सांगणार?"

"आणि अध्यक्ष?"

"त्याला वाटलं, आपल्यावाचूनच मिटलं. बरं झालं म्हणाला. तो मुलीत होता." मग त्यांनी पडद्यावर डोळे बारीक केले. "एकनाथ, का विचारतेय ही? अध्यक्षांनी फोन केला होता ना?"

काकांनी चष्मा काढला. काकू जिन्यात उभ्या होत्या, कालथा खाली केलेला.

"नाही," काका म्हणाले. "मी लिहिलं ते. माझ्या मनानं."

नूरुद्दीन यांचा चेहरा इतका स्थिर राहिला की मला वाटले पडदा गोठला. मग ते हसू लागले, खोकू लागले, लिंबाच्या झाडाला धरून उभे राहिले.

"पाच वर्षांनी मी परत गेलो," ते श्वास सावरत म्हणाले. "पक्षाचा हुकूम म्हणून निवडणुकीला उभा राहिलो. मनात शिव्या देत. दारोदार फिरलो. एक म्हातारी म्हणाली, ईश्वराचा कायदा असू दे, आमच्या गल्लीतल्या गटाराचं काय? मी तीन महिने गटारावर बोललो. दोनशे बारा मतांनी पडलो आणि दोन दिवस रडलो. तेव्हा कळलं, मला ते हवं होतं. मुली, मत मागितल्यावर माझं मत बदललं. आधी नाही."

मी टोपण काढून लिहीत होते. तीन पाने भरली तरी लक्षात आले नाही. विचारसरणीतून निवडणूक उगवली नव्हती. निवडणुकीतून विचारसरणी उगवली होती, आणि तीही दारोदार, गटाराच्या काठी. मला ओरडावेसे वाटत होते. मी बहुधा ओरडलेही, कारण काकू म्हणाल्या, "हळू. शेजारी पोलीस बोलावतील."

*

थालीपीठ थंड झाले होते. काका वही हातात घेऊन बसले, देईनात.

"ज्ञानदा, शुक्रवारी तुझं होऊ दे ना. जे लिहिलंयस ते वाच, पदवी घे, नोकरीवर जा. मग दोन वर्षांनी पुस्तकात छाप. तोपर्यंत मी असेन, नसेन. सत्कार आहे माझा महिनाअखेर. तीस वर्षं इतिवृत्त लिहिलं म्हणून सत्कार, आणि त्याच महिन्यात हे?"

"काका, जे खोटं आहे हे मला माहीत आहे ते मी शुक्रवारी खरं म्हणून वाचायचं?"

"सगळ्यांना बरं वाटेल असं वाच."

"चाळीस वर्षं हेच," काकू म्हणाल्या, कोणाकडेही न पाहता.

मी त्यांना स्पष्ट सांगितले. चौथे प्रकरण मी मागे घेणार, पदवी लांबणार, नोकरी जाणार. त्यांचे नाव मी त्यांच्या परवानगीवाचून घेणार नाही. मला पानाचे छायाचित्र द्यावे एवढीच विनंती. काकांनी बराच वेळ पेन्सिलीच्या अक्षरावरून बोट फिरवले. मग पान उघडून टेबलावर ठेवले आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले. फोटो मी काढला. ते मागे वळले नाहीत.

*

शुक्रवारी दोनला सभागृहात पंधरा-वीस माणसे होती. अशा परीक्षा सर्वांना खुल्या असतात, पण सहसा कोणी येत नाही. मागच्या रांगेत मला सुवर्णाकाकू दिसल्या, कांजीवरममध्ये, आणि शेजारी निळ्या ब्लेझरमधले काका. ते माझ्याकडे पाहत नव्हते. "फक्त बघायला आलोय," असा काकूंचा मेसेज सकाळीच आला होता.

मी सुरुवातीलाच सांगितले की चौथे प्रकरण मी मागे घेते आहे. पडद्यावर वहीचे पान आले. भाषांतर वाचून दाखवले. सहा, सहा, निर्णायक मत बाकी. आधीच्या गुप्त बैठकीविषयी एवढेच म्हणाले की ती झालीच नव्हती, आणि पहिला विषय ही लिहिणाऱ्याची सवय होती. परीक्षक मंडळावरच्या एका बाई पुढे झुकल्या. दुसऱ्यांनी पेन खाली ठेवले.

लॅथम हसले. ते हसतात तेव्हा त्यांचा चेहरा मुळीच हलत नाही. "फारच मनोरंजक. एक निनावी वही. लेखकाचे नाव सांगता येत नाही. भाषा अशी की या खोलीत ती फक्त तुम्हीच वाचू शकता. मिस, अशी वही कोणीही, कधीही, पेन्सिलीने लिहू शकतो. ई. व्ही. के. हे भूमिगत यंत्रणेचे चिन्ह आहे, हे मी बावीस वर्षांपूर्वी सिद्ध केले. तुमच्याकडे माणूस आहे काय?"

माझ्याकडे माणूस होता, पण शब्दही दिला होता. मी काठाकाठाने उत्तर द्यायला सुरुवात केली, पेन्सिल, कागद, तपासणी. तेवढ्यात मागे खुर्ची वाजली.

"एक्सक्यूज मी," काका म्हणाले. त्यांचा हात सभेत उचलतात तसा कोपरातून वर होता. "मी ई. व्ही. के."

लॅथम वळले.

"एकनाथ व्ही. खांबेटे. रिटायर्ड. भूमिगत नाही, पार्सिपनीला राहतो. वही माझी आहे, आणलीय. तुमचं पुस्तक मी काल रात्री वाचलं. त्या गुप्त बैठकीत मी काय बोललो ते वाचून मजा वाटली." सभागृहात कोणीतरी फिस्सकन हसले. काका हसले नाहीत. "ठराव तीन मी चुकीचा लिहिला. सहा-सहा होते. मला वाद लिहायची लाज वाटली. या मुलीला मी सांगितलं होतं की माझं नाव घेऊ नकोस, म्हणून ती गप्प आहे. तुम्ही तिला खोटी म्हणालात, म्हणून मी उठलो."

ते पुढे आले आणि निळी वही लॅथम यांच्यासमोर ठेवली. लॅथम यांनी ती उघडली. अक्षर त्यांना वाचता येत नव्हते, पण आकडे येत होते. त्यांनी दोन सहा पाहिले. बराच वेळ पाहिले. मग त्यांनी फार सावकाश, जणू कोणी मोजत आहे असे, आपला चष्मा पुसायला घेतला. त्या दुपारी त्यांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही.

निकाल साडेचारला आला. परीक्षा तहकूब, चौथे प्रकरण नव्याने लिहा, डिसेंबरमध्ये पुन्हा या. विभागाने एका सत्राचे शिकवण्याचे काम देऊ केले. म्हणजे व्हिसापुरती सोय झाली. ओहायोच्या डीनबाईंनी फोनवर अत्यंत सभ्यतेने सांगितले की जागा डिसेंबरपर्यंत धरता येणार नाही. मी त्यांचे आभार मानले. पार्किंगमध्ये मी गाडीला टेकून उभी होते, आणि मला खेद व्हायला हवा होता, तो शोधत होते.

काका आणि काकू जवळ आले. काकांनी टाय सैल केला होता.

"सत्कार रद्द करायला सांगतो मंडळाला," ते म्हणाले.

"काही नको," काकू म्हणाल्या. "घ्या सत्कार. भाषणात हे सांगा म्हणजे झालं. पहिल्यांदा कोणी जागं राहून ऐकेल."

तेवढ्यात माझा फोन वाजला. ॲरिझोनाचा नंबर.

"मुली," नूरुद्दीन म्हणाले, "मी तीन रात्री झोपलो नाही. तेरांपैकी अजून चौघं सापडले. एक माँट्रिअलला, दोन पॅरिसला. चौथा आमच्या देशातच, परवा तुरुंगातून सुटला. चौघांनाही वही पाहायची आहे. एकजण रडला, एकानं शिव्या दिल्या, एक म्हणतो की मग पक्षच बेकायदा, आता पुन्हा मत घ्या. आमचं भांडण सुरू झालंय, चाळीस वर्षांनी, फोनवर. तू कधी येतेस?"

मी गाडीच्या टपावर लॅपटॉप उघडला. फीनिक्सचे सकाळी सहाचे विमान होते, एक जागा शिल्लक, मधली.

"उद्या," मी म्हणाले. "माझ्याशिवाय पुढे एक शब्द बोलू नका."